इटालियन रेस्टॉरंटमध्ये कुटुंबासह जेवायला जाताना

दवाखान्याचे काम, मुलांचा कॉलेजप्रवेश, लग्नाचा बस्ता अशा निमित्ताने गावाकडून नागपूर किंवा अमरावतीला गेलेल्या कुटुंबात दुपारच्या जेवणाचा प्रश्न निघाला, की मुले इटालियन रेस्टॉरंटचे नाव घेतात आणि मोठी माणसे ‘आम्ही आपले पोळी-भाजी खातो, तुम्ही जाऊन या’ म्हणून बाजूला होतात. या संकोचाला फारसे कारण नाही. ज्याला आज मोकळ्या, आधुनिक धाटणीचे इटालियन रेस्टॉरंट म्हणतात, तिथे कपड्यांचा नियम नसतो, एकाच ताटलीतून वाटून खाणे चालते आणि पिझ्झा तर हातानेच खाल्ला जातो. काट्या-चमच्यांची रीत चार वाक्यांत सांगून संपते. खरा विचार करावा लागतो तो काय मागवायचे, किती मागवायचे आणि मागवण्यापूर्वी काय विचारून घ्यायचे याचा. म्हणून या लेखात अधिक जागा त्यालाच दिली आहे.

निघण्यापूर्वी

पहिले काम वेळ ठरवण्याचे आहे. अशा अनेक रेस्टॉरंटांत दुपारचे जेवण आटोपले की स्वयंपाकघर बंद होते आणि ते संध्याकाळी सात-साडेसातलाच पुन्हा सुरू होते. त्यामुळे कामे उरकून चार वाजता पोहोचलेल्या कुटुंबाला परत फिरावे लागते. आदल्या दिवशी फोन करून शेवटची ऑर्डर किती वाजेपर्यंत घेतात एवढे विचारावे. ज्यांना नागपुरातील गणेशपेठच्या बसस्थानकावरून त्याच दिवशी एसटीने परतायचे आहे, त्यांनी रात्रीचा बेत न आखता दुपारी साडेबाराच्या सुमारास जावे, कारण त्या वेळी गर्दी नसते आणि जेवण वाढणाऱ्यांना प्रत्येक पदार्थ नीट समजावून सांगायला सवड असते. रविवारची संध्याकाळ पहिल्या भेटीसाठी टाळलेलीच बरी.

त्याच फोनवर आणखी तीन गोष्टी सांगून टाकाव्यात: माणसे किती आहेत, त्यांत अंडे न खाणारे किंवा जैन कोणी आहे का, आणि गुडघ्यांचा त्रास असलेले वडीलधारे सोबत आहेत का. शेवटची बाब किरकोळ वाटते, पण बरीच रेस्टॉरंटे पहिल्या मजल्यावर असतात आणि काही टेबलांना पाठ नसलेली उंच स्टुले असतात, ज्यांवर आजीला तासभर बसवणे म्हणजे शिक्षाच आहे. ‘खाली, पाठ टेकता येईल अशा खुर्च्यांचे टेबल द्या’ असे आधी सांगितले, तर सहसा मिळते.

मेनूकार्ड शक्यतो मोबाइलवर घरीच पाहून घ्यावे. बहुतेक ठिकाणचे मेनूकार्ड दरांसह नेटवर असते. खर्चाचा अंदाज घरी घेतला, तर टेबलावर बसून उजव्या बाजूचे आकडे वाचत कुजबुजण्याची वेळ येत नाही.

मनाची तयारीही याच टप्प्यावर करावी. सकाळी तर्री-पोहे आणि रात्री सावजी रस्सा ज्या जिभेला पसंत आहे, तिला हे जेवण पहिल्या घासाला फिके वाटणार. या स्वयंपाकात मसाला थोडा असतो; चव टोमॅटो, ऑलिव्ह तेल, लसूण, चीज आणि गहू यांतूनच येते. इटलीत तिखट कोणी खातच नाही असा मात्र समज नको. दक्षिणेकडील कालाब्रिया प्रांत लाल मिरचीसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथल्या काही पदार्थांचा तिखटपणा भिवापुरी मिरचीवर वाढलेल्या माणसालाही जाणवेल.

मेनूकार्ड वाचताना

इटलीतील पारंपरिक जेवणाचा क्रम आधी लहान पदार्थ, मग पास्ता किंवा रिसोत्तो हा भाताचा पदार्थ, त्यानंतर मासे किंवा मटणाचा पदार्थ, सोबत भाजी आणि शेवटी गोड असा असतो. मेनूकार्डावरील विभाग साधारण याच क्रमाने छापलेले असतात. प्रत्येक विभागातून काही मागवलेच पाहिजे असे बंधन नाही, आणि इटलीतील लोकही रोज इतके जेवत नाहीत.

सुरुवातीच्या पदार्थांत ब्रुस्केत्ता आणि बुराता ही दोन नावे बहुतेक ठिकाणी आढळतात. ब्रुस्केत्ता म्हणजे भाजलेल्या पावावर लसूण चोळून, ऑलिव्ह तेल सोडून, वर चिरलेला टोमॅटो घातलेला तुकडा. तो आणल्या आणल्या खावा, नाहीतर पाव भिजून लिबलिबीत होतो. बुराता हे दक्षिण इटलीच्या पुलिया प्रांतातील ताजे चीज असून ते दिसायला पांढऱ्या, गुळगुळीत पुरचुंडीसारखे असते. बाहेरचे आवरण मोझरेल्लाचे असते आणि आत मोझरेल्लाचे धागे साईत कालवून भरलेले असतात. सुरी लावली की आतला ऐवज हळूहळू ताटलीत पसरतो. तो शेजारच्या टोमॅटोवर ओढून पावाच्या तुकड्याने टिपून घ्यावा. दुधातुपात वाढलेल्या माणसाला हा पदार्थ पटकन आवडतो. मोझरेल्लाची सर्वांत नावाजलेली जात इटलीत कांपानिया प्रांतात म्हशीच्या दुधापासून करतात. नागपुरी आणि पूर्णाथडी म्हशींच्या मुलखातील दूधउत्पादकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पास्त्याकडे वळू. उन्हाळ्यात काडीवर कणीक गुंडाळून सरगुंडे करणाऱ्या आणि ते आमरसासोबत खाणाऱ्या घरांना पास्ता परका वाटू नये. सिसिली बेटावरील त्रापानी भागात ‘बुसियाते’ नावाचा पास्ता अशाच रीतीने बारीक सळईवर पीठ गुंडाळून वळतात. वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्यापासून करतात. शेवया आणि कुरडयांसाठी आपल्याकडे मुद्दाम शोधला जाणारा बन्सी गहू हा ड्युरमच होय. या गव्हाचे दाणे कडक आणि पिवळसर असतात, त्यांत प्रथिने भरपूर असतात आणि म्हणून उकळल्यावरही पास्ता गिचका होत नाही. इटालियन पद्धतीत तो दाताला किंचित लागेल इतपतच शिजवतात. पहिल्यांदा खाणाऱ्याला तो कच्चा राहिला असे वाटते, पण तो तसाच अपेक्षित असतो. तरीही दातांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी ‘भाऊ, हा एक जरा मऊ शिजवून द्या’ असे सांगण्यात काहीही गैर नाही.

पास्त्याचे आकार अनेक असले, तरी निवड सॉसवरून करावी. आपल्याकडच्या मेनूकार्डांवरील ‘रेड, व्हाइट, पिंक’ ही विभागणी भारतीय सोयीची आहे. खऱ्या नावांपैकी पुढील काही ओळखीची असली की पुरे. आराब्याता हा टोमॅटो, लसूण आणि सुक्या लाल मिरचीचा सॉस. विदर्भातील बहुतेकांनी सुरुवात इथूनच करावी. आल्यो ए ओल्यो म्हणजे तेलात परतलेला लसूण आणि मिरची, एवढेच. तो साधा दिसतो, पण स्वयंपाक्याचा हात कसा आहे हे त्यातून लगेच कळते. पेस्तो हा उत्तर इटलीतील जेनोवाचा सॉस असून त्यात बेझिलची पाने, लसूण, चिलगोझ्याच्या जातीचे पाइन नट, चीज आणि ऑलिव्ह तेल एकत्र वाटतात. आपल्याकडे पाइन नटऐवजी काजू किंवा बदाम घालणे सर्रास चालते. आल्फ्रेदोचे मूळ रोमचे आहे, पण तिथे त्यात लोणी आणि पार्मेजान चीज एवढेच होते. साईची भर पुढे अमेरिकेत पडली. तो पोटाला जड पडतो आणि परतीचा प्रवास लांबचा असेल तर मी तो मागवणार नाही.

रिसोत्तो हा उत्तर इटलीतील भाताचा पदार्थ. त्यासाठी आर्बोरियो किंवा कार्नारोली हा आखूड, जाड दाण्याचा तांदूळ वापरतात आणि गरम अळणी रस थोडा थोडा घालत तो सतत हलवत शिजवतात, ज्यामुळे दाण्यांतील स्टार्च सुटून साय न घालताही भाताला दाटपणा येतो. तो ताटलीत पसरेल इतका सैल असावा लागतो, आणि दाण्याच्या मध्यभागी जरा कण राहतो. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात चिन्नोरचा मोकळा, सुवासिक भात खाणाऱ्यांचे रिसोत्तोशी लगेच जमेल असे नाही. ऑर्डर दिल्यावर तो शिजवायला घेतला तर वीस मिनिटे लागतात, म्हणून लहान मुले भुकेजलेली असतील तर आधी दुसरे काही मागवून ठेवावे.

पिझ्झ्याच्या बाबतीत वाढणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: काठ मऊ आणि फुगलेला आहे, की पिझ्झा पातळ आणि कुरकुरीत आहे? पहिला प्रकार नेपल्सचा. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. लाकडाच्या भट्टीत सुमारे ४३० ते ४८० अंश सेल्सिअस तापमानाला तो ६० ते ९० सेकंदांतच भाजला जातो. त्यामुळे काठावर काळे ठिपके उमटतात आणि मधला भाग ओलसर, नरम राहतो. हे ठिपके म्हणजे करपलेपणा नव्हे, आणि मधला ओलावाही कच्चेपणाची खूण नव्हे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी टोमॅटो, मोझरेल्ला आणि बेझिल एवढ्यावरच भागणारा मार्गारिता मागवावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मका, पनीर आणि ढोबळी मिरची यांच्या ढिगाखाली पिठाची चव पार लपून जाते.

शाकाहारी, माळकरी आणि जैन मंडळींनी काय विचारावे

इटालियन जेवण म्हणजे शाकाहाऱ्यांची सोय असे मानले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे, परंतु काही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतील मुख्य गोष्ट चीज. अस्सल पार्मेजान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, तयार करताना दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरणे हा त्याच्या नियमांचाच भाग आहे. ग्राना पादानोचेही तसेच, आणि पेकोरिनो रोमानोसाठी कोकराचे रेनेट घेतात. भारतात तयार होणारे बरेचसे चीज मात्र सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटवर होते आणि त्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो. म्हणून ‘चीज शाकाहारी आहे का’ असे न विचारता ‘पार्मेजान कोणते वापरता, पाकिटावर हिरवा ठिपका आहे का’ असे विचारावे. प्रश्न नेमका असला की वाढणारा आत जाऊन पाहून येतो. शंका राहिली तर पास्ता किंवा रिसोत्तो चीज न घालता मागवता येतो, अट एवढीच की हे ऑर्डर देतानाच सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट अंड्याची. वाळवलेल्या पास्त्यात साधारणपणे रवा आणि पाणीच असते, पण ‘ताजा’ किंवा ‘हाताने केलेला’ म्हणून अभिमानाने दिला जाणारा पास्ता, विशेषतः ताल्यातेल्ले आणि राव्योली, बहुधा अंडे घालून मळलेला असतो. म्हणजे मेनूकार्डावरचा अधिक महागडा, अधिक खास पास्ताच अंडे न खाणाऱ्यांच्या उपयोगाचा नसण्याची शक्यता असते. कार्बोनारात तर सॉसच अंड्याचा आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचा असतो.

सूप आणि रिसोत्तो कोणत्या रसात शिजवले आहे हेही विचारावे, कारण भाज्यांचे मिनेस्त्रोने सूपसुद्धा कोंबडीच्या रसात केलेले असू शकते. रिसोत्तोत सुरुवातीला पांढरी वाइन घालण्याची पद्धत आहे. माळकरी मंडळींनी ‘वाइन नको’ असे आधी सांगावे, म्हणजे ती वगळता येते. सीझर सॅलड हे मुळात इटलीचे नाहीच. सीझर कार्दिनी नावाच्या इटालियन स्थलांतरिताच्या मेक्सिकोतील रेस्टॉरंटात १९२४ साली ते जन्मले असे मानतात. त्याच्या ड्रेसिंगमध्ये आज बहुधा अँचोव्ही नावाचे लहान मासे वाटून घातलेले असतात. हिरव्यागार पानांच्या ताटलीत मासा असेल अशी शंकाही येत नाही, म्हणून याचा उल्लेख मुद्दाम केला.

कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन कुटुंबांसाठी नागपूरसारख्या शहरांत वेगळी सोय करून देणारी ठिकाणे आहेत, पण तयार करून ठेवलेल्या सॉसमधून लसूण काढता येत नाही, एवढे लक्षात घेऊन आधी फोन करणे आवश्यक आहे. मांसाहारी मंडळींनी पेपरोनी, प्रोशुत्तो आणि एन्दुया हे तिन्ही प्रकार साधारणतः डुकराच्या मांसाचे असतात हे जाणून मगच मागवावे.

किती मागवावे

आपल्याकडची सवय प्रत्येकाला एकेक ताट अशी आहे. इथे ती महाग पडते आणि अन्न वाया जाते. दोन मोठी माणसे, एक वयस्क आणि दोन मुले अशा पाच जणांच्या कुटुंबाने सुरुवातीला एक ब्रुस्केत्ता किंवा बुराता, त्यानंतर एक पिझ्झा आणि दोन वेगवेगळ्या सॉसचे पास्ते मागवावेत, आणि ते संपत आल्यावर भूक पाहून दुसरा पिझ्झा सांगावा. पिझ्झा लवकर होतो, त्यामुळे मागाहून सांगितला तरी थांबावे लागत नाही. वाटून खायचे आहे हे आधी सांगितले, तर वाढणारे रिकाम्या ताटल्या आणून देतात. सगळे पदार्थ एकदम आणू नयेत असेही बजावावे. पास्ता पाच मिनिटांत थंड होतो आणि थंड पास्ता गोळा होऊन बसतो.

पाण्याविषयी विचारले जाते तेव्हा ‘साधे पाणी’ असे स्पष्ट म्हणावे, अन्यथा बाटलीबंद पाणी येते आणि त्याचे पैसे लागतात. काही टेबलांवर वाइन असते. ती न घेणाऱ्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहत नाही. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तेव्हा तिकडे परतणाऱ्यांनी आवडलेली बाटली सोबत नेण्याचा विचारही करू नये.

टेबलावर

कापडी रुमाल मांडीवर घ्यावा. खाणे झाले की काटा आणि सुरी ताटलीत शेजारी-शेजारी ठेवावी, म्हणजे ताटली उचलायला हरकत नाही असे कळते. स्पॅगेत्तीसाठी काट्याने तीन-चारच शेवया वेगळ्या कराव्यात, काट्याची टोके ताटलीच्या खोलगट कडेला टेकवावीत आणि काटा जागच्या जागी फिरवावा; शेवयांचा लहानसा गुंडा तयार झाला की तो उचलून एका घासात खावा. सुरुवातीला सगळ्यांकडूनच जास्त शेवया उचलल्या जातात आणि मग तोंडाखाली लोंबणाऱ्या टोकांची पंचाईत होते. लहान मुलांसाठी आणि ज्यांना हा खटाटोप नको त्यांच्यासाठी पेन्ने हा आखूड नळीचा पास्ता मागवावा, जो चमच्यानेही खाता येतो.

नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा न कापता आणला, तर सुरीने चार भाग करावेत, तुकड्याचे मऊ टोक आत दुमडावे आणि मग हाताने खावे. शेवटी राहिलेला सॉस पावाने पुसून खाण्यात संकोच मानू नये. साध्या इटालियन घरांत हेच करतात. ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्स मागितले तर मिळतील, पण पहिले दोन घास त्यांच्याशिवाय खाऊन पाहावेत, कारण एकदा त्यांचा थर पडला की मार्गारिता आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरचा पिझ्झा यांत काहीच फरक उरत नाही.

गोड पदार्थांत तिरामिसू सर्वांत प्रसिद्ध आहे. कॉफीत बुडवलेली बिस्किटे आणि मास्कारपोने चीज यांचे थर त्यात असतात, मूळ कृतीत कच्चे अंडे असते आणि कधी कधी मद्यही घालतात, म्हणून गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि शाकाहारी मंडळी यांच्यासाठी आधी विचारणे भाग आहे. पान्ना कोत्ता म्हणजे साईचा थरथरता गोळा. तो जिलेटिनने घट्ट केला असेल तर शाकाहारी नाही, चायना ग्रासने केला असेल तर आहे. काहीच नक्की कळत नसेल तर अंडे न घातलेले जेलातो, म्हणजे इटालियन आइसक्रीम, घ्यावे. एस्प्रेसो जेमतेम ३० मिलिलिटर, कडू आणि दाट येते. घरच्या चहाइतक्या कपाची अपेक्षा असेल तर कापुचिनो सांगावी. इटलीत ती सकाळीच पितात, पण नागपुरात जेवणानंतर मागवली म्हणून कोणाचे काही बिघडत नाही.

बिल आणि उरलेले अन्न

बिल हातात आल्यावर ओळ न् ओळ वाचावी. स्वतंत्र रेस्टॉरंटात जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो आणि तो केंद्र व राज्य यांच्या नावे अडीच-अडीच टक्के असा विभागून छापतात. म्हणजे २,४०० रुपयांच्या जेवणावर १२० रुपये. मोठ्या तारांकित हॉटेलच्या आत असलेल्या रेस्टॉरंटात हा दर १८ टक्के असू शकतो. सेवा शुल्क, म्हणजे सर्व्हिस चार्ज, हा मात्र सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना उचलून धरल्या. बिलात ही ओळ दिसली तर ‘दादा, हे काढून द्या’ असे शांतपणे सांगावे. नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. ज्याने प्रत्येक पदार्थ समजावून सांगितला, त्याच्या हातात स्वखुशीने काही ठेवायचे असेल तर ते रोख ठेवावे.

उरलेला पिझ्झा आणि पाव बांधून मागावा. पास्ता वाटेतच सॉस शोषून कोरडा पडतो, रिसोत्तो घट्ट होतो, आणि साईचे सॉस उन्हाळ्यातल्या बसच्या प्रवासात तीन-चार तास नेणे धोक्याचे आहे, म्हणून ते टेबलावरच संपवावेत. घरी पोहोचल्यावर पिझ्झ्याचे तुकडे तेल न लावता लोखंडी तव्यावर मंद आचेवर ठेवावेत, कडेला पाण्याचे चार थेंब टाकून वर झाकण घालावे आणि चीज पुन्हा पाघळले की लगेच उतरवावेत.